मानेतली धमनी ७० टक्के अरुंद: ऑपरेशन, स्टेंट की नुसत्या गोळ्या?

केवडा

जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आईचं वय ६८. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, साखर काठावर. चार दिवसांपूर्वी सकाळी पेपर वाचताना तिच्या उजव्या हातातून पेपर गळून पडला. उचलायला गेली तर बोटांची पकडच बसेना. काय होतंय विचारलं तर तिला 'चष्मा' म्हणायचं होतं आणि तोंडातून भलतेच शब्द येत होते. चेहरा मला तरी सरळ दिसला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, इतकं की ती म्हणाली, "आता कशाला दवाखाना, हात अवघडला असेल."

तरी नेलं. मेंदूच्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूला दोन बारीक ठिपके आहेत, ताजे आहेत म्हणाले. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डावी इंटर्नल कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी, ७० टक्क्यांच्या वर अरुंद, उजवी ४० टक्के. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही गुठळी होऊ न देणाऱ्या) आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आहे. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे स्टेंट. घरातले वडीलधारे म्हणतात, ती ठणठणीत आहे, महिना-दोन महिने गोळ्या घेऊन बघू, मग पुन्हा सोनोग्राफी करू.

माझा मुख्य प्रश्न हाच: थांबावं का?

---

मितभाषी

थांबू नका. एवढंच आत्ता लिहितो, बाकीचं जाणकार सांगतील. माझ्या काकांना असाच 'येऊन गेलेला' झटका आला होता. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढचा झटका आठवड्याच्या आत आला आणि तो परत गेला नाही.

---

मेंदूवैद्य

@केवडा, मी न्यूरॉलॉजीत काम करतो. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. मात्र घरात निर्णय घेताना कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं, ते सांगू शकतो.

सगळ्यात आधी बाजू जुळते का ते बघायचं. मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. उजवा हात गेला, शब्द बिघडले, डाव्या मेंदूत ताजे ठिपके आणि डावीच धमनी अरुंद. सगळी बोटं एकाच जागेकडे जातात. वैद्यकीय भाषेत ही 'लक्षणं दिलेली' कॅरोटिड झाली. लक्षण न देणारी ७० टक्के धमनी आणि लक्षण दिलेली ७० टक्के धमनी यांचा आकडा एक असला तरी आजाराची चाल फार वेगळी असते. या धाग्यात कुणी एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवा.

यात घडतं काय? मुख्य कॅरोटिड धमनी मानेत, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास, दुभंगते. एक फांदी चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे आणि डोळ्याकडे. दुभंगते तिथेच, मेंदूकडच्या फांदीच्या फुगीर मुळाशी, प्रवाह भोवऱ्यासारखा रेंगाळतो आणि नेमका तिथे चरबीचा थर साचतो. पुष्कळांना वाटतं की रस्ता अरुंद झाला म्हणून मेंदूला रक्त कमी पडतं. काहींच्या बाबतीत तसं होतंही, पण बहुतेक वेळा घात होतो तो थर फुटल्यामुळे. फुटलेल्या जागी गुठळी धरते, तिचा कण सुटतो आणि वर जाऊन मेंदूतली बारीक धमनी बंद करतो. कण आपोआप विरघळला तर लक्षणं मिनिटांत जातात. नाही विरघळला तर पक्षाघात.

आईंच्या बाबतीत थर एकदा फुटला आहे. आता तो 'जागा' आहे. पुढच्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांत आणि पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर हळूहळू उतरत जातो. म्हणून 'महिना-दोन महिने बघू' म्हणजे नेमका धोक्याचा काळ नुसता बसून काढणं.

याचे आकडे आहेत. उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट नावाच्या चाचणीचा पहिला निकाल १९९१ साली आला. लक्षणं दिलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीच्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात २६ टक्के लोकांना झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्के, आणि यात ऑपरेशनच्या वेळचे झटकेही धरलेले आहेत. ५० ते ६९ टक्क्यांत फायदा उरतो, पण बराच कमी: पाच वर्षांत साधारण २२ विरुद्ध १६ टक्के. पन्नासच्या खाली ऑपरेशनचा फायदा दिसला नाही.

नंतर अशा मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून २००४ साली वेळेचा हिशोब मांडला गेला. ५० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेल्यांत, झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर दर पाच ऑपरेशनांमागे, पाच वर्षांत, एक पक्षाघात टळत होता. बारा आठवडे उलटून गेल्यावर एक टाळायला १२५ ऑपरेशनं लागत होती. रुग्ण तोच, धमनी तीच; मधे गेला तो फक्त वेळ.

आजची औषधं १९९१ पेक्षा खूप चांगली आहेत, त्यामुळे ते २६ टक्के आज जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही लक्षणं दिलेल्या, ७० टक्क्यांपुढच्या धमनीबद्दलचा सल्ला बदललेला नाही.

---

नेत्रपल्लवी

मेंदूवैद्यांनी डोळ्याचा उल्लेख केलाय, त्यात भर घालते. मी नेत्रतपासणी करते. "एका डोळ्यावर वरून पडदा उतरला, दोन-पाच मिनिटांत वर गेला" असं सांगणारे लोक आमच्याकडे चष्म्याचा नंबर वाढला समजून येतात. डोळ्याची धमनी ही त्याच इंटर्नल कॅरोटिडची फांदी आहे. त्यामुळे हातापायाचं लक्षण विरुद्ध बाजूला येतं, पण डोळ्याचं त्याच बाजूला. उजव्या डोळ्यावर पडदा आला तर उजवी कॅरोटिड बघायची.

कधी कधी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) धमनीत पिवळसर चकाकणारा कण अडकलेला स्पष्ट दिसतो, बहुधा धमनी दुभंगते तिथेच. तो कोलेस्टेरॉलचा स्फटिक. हॉलेनहॉर्स्ट या नेत्रतज्ज्ञांनी १९६१ साली त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. तो दिसला की मी चष्म्याचं काम बाजूला ठेवते आणि पेशंटला त्याच दिवशी पुढे पाठवते. कृपया असा पडदा 'थकवा' म्हणून सोडून देऊ नका. एका डोळ्याचा की दोन्हींचा, हे तेव्हाच आळीपाळीने डोळा झाकून बघा. नंतर आठवून सांगणं कठीण जातं.

---

केवडा

इतक्या लवकर इतकं नेमकं लिहिलंत, मनापासून आभार. हा धागा मी घरातल्या सगळ्यांना वाचायला दिला.

रिपोर्टमधले आकडे देते: डावीकडे पीएसव्ही २९० सेंमी/सेकंद, आयसीए-सीसीए गुणोत्तर ४.३. उजवीकडे पीएसव्ही ११०. डावीकडे 'मिश्र स्वरूपाचा प्लाक, पृष्ठभाग अनियमित' असं लिहिलंय (प्लाक म्हणजे तो चरबीचा थर). सर्जन म्हणतात सीटी अँजिओग्राफीही करायची. सोनोग्राफीत दिसलं असताना पुन्हा वेगळी तपासणी का? घरात यावरून शंका काढताहेत.

---

ध्वनिलहर

हे माझं रोजचं काम, म्हणून मी लिहिते.

डॉपलरमध्ये आम्ही टक्केवारी थेट मोजत नाही. मोजतो तो रक्ताचा वेग. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात उडते, तसंच अरुंद जागेतून रक्त वेगाने निघतं. हृदयाच्या ठोक्याला वेग जास्तीत जास्त किती चढतो, तो पीएसव्ही. सर्वमान्य मोजपट्टीप्रमाणे सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर अरुंदपणा पन्नास टक्क्यांच्या आत; १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९; २३० च्या वर गेला की सत्तर किंवा त्याहून जास्त. आयसीए-सीसीए गुणोत्तर म्हणजे मेंदूकडच्या फांदीतला वेग मुख्य कॅरोटिडमधल्या वेगाच्या किती पट; ते चारच्या वर गेलं की तेही सत्तरकडेच बोट दाखवतं. आईंचे दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, ही चांगली गोष्ट. उजवीकडे प्लाक दिसतो आहे, पण वेग वाढलेला नाही.

मग सीटी कशाला? कारण वेग फसवू शकतो. धमनी जवळजवळ बंद झाली की धारच क्षीण होते आणि वेग उलट कमी दिसतो. नुसता आकडा वाचणाऱ्याला सौम्य आजार वाटेल. दुसऱ्या बाजूची धमनी पूर्ण बंद असेल तर इकडे प्रवाह वाढून वेग उगाच जास्त दिसतो. प्लाकमध्ये कॅल्शियम असेल तर त्याची सावली पडते आणि नेमकी अरुंद जागा झाकली जाते. जबड्याच्या वर तर आम्हाला दिसतच नाही. आणि सर्जनला टक्क्यांपलीकडचंही खूप हवं असतं: अरुंद भाग किती वरपर्यंत जातो, धमनी नागमोडी आहे का, छातीतल्या महाधमनीतून ती कशी निघते, मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं पूर्ण आहे का. म्हणून निर्णयाआधी दोन वेगळ्या पद्धतींच्या तपासण्या जुळवून घेतात. किडनीचा त्रास असेल तर सीटीचं रंगद्रव्य देण्याआधी क्रिएटिनिन बघतील, ते आधीच सांगून ठेवा.

अजून एक. टक्केवारी काढायच्या दोन रीती आहेत. अमेरिकन चाचणीची रीत अरुंद जागेची तुलना वरच्या निरोगी धमनीशी करते, युरोपातल्या चाचणीची जुनी रीत त्याच जागेच्या मूळ रुंदीशी. मूळ जागा फुगीर असल्यामुळे युरोपीय आकडा मोठा येतो. तिथले ८० म्हणजे इथले साधारण ६०-७०. दोन रिपोर्टांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला तर आजार वाढला किंवा कमी झाला असा अर्थ लगेच काढू नका. रिपोर्टवर 'नॅसेट पद्धतीने' असं लिहिलंय का ते आधी बघा.

'पृष्ठभाग अनियमित' या शब्दांकडे मात्र लक्ष द्या. गुळगुळीत थरापेक्षा खडबडीत, व्रण पडलेला थर जास्त त्रास देतो.

---

पिंपळपान

धाग्याला जोडूनच विचारतो. माझ्या मोठ्या भावाला, वय ६३, आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये उजवी कॅरोटिड ६५ टक्के अरुंद निघाली. पक्षाघाताचं लक्षण कधीच नाही. अधूनमधून उठताना चक्कर येते एवढंच. तिथल्या तिथेच त्याला 'मानेत टाइम बॉम्ब आहे, या आठवड्यात स्टेंट टाका' असं सांगितलं. घरात कुणाला झोप नाही. वरचं वाचून आणखी भीती वाटली. आम्हीही दोन आठवड्यांत करायला हवं का?

---

मेंदूवैद्य

@पिंपळपान, नाही. तुमच्या भावाला वेळ आहे आणि तो वेळ वापरायला हवा. कुणाच्याही मानेला बॉम्ब म्हणून सही घेणं मला मान्य नाही. घाबरलेल्या माणसाची संमती ही संमती नसते.

उठताना येणारी चक्कर, दोन मिनिटं शुद्ध हरपणं, कानात आवाज, सर्वसाधारण अशक्तपणा ही एका बाजूच्या कॅरोटिडची लक्षणं नव्हेत. कॅरोटिडचं लक्षण एका बाजूचं असतं: एक हात, एक पाय, चेहऱ्याची एक बाजू, एक डोळा, किंवा भाषा. उठताना चक्कर येत असेल तर झोपून आणि उभं राहून बीपी मोजा, बीपीच्या गोळ्यांचा डोस तपासून घ्या.

लक्षणं नसलेल्यांसाठीचे आकडे बघू. एकास नावाच्या चाचणीत, १९९५ साली, साठ टक्क्यांच्या वर अरुंद धमनी असलेल्यांत पाच वर्षांचा धोका औषधांवर ११ टक्के आणि ऑपरेशननंतर ५ टक्के असा आला. २००४ च्या एसीएसटी चाचणीतही जवळपास तेच. म्हणजे फरक वर्षाला जेमतेम एक टक्का. तोसुद्धा अशा काळातला, जेव्हा स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आजच्यासारखी सर्रास दिली जात नव्हती.

म्हणून क्रेस्ट-२ ही चाचणी घेतली गेली, तिचा निकाल २०२५ च्या शेवटी आला. तिच्यात रुग्णांची धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद होती, लक्षणं नव्हती, आणि सगळ्यांनाच कसून औषधोपचार होता. चार वर्षांत औषधांवर ६ टक्के आणि स्टेंटसह औषधांवर २.८ टक्के लोकांना प्रक्रियेच्या वेळचा पक्षाघात वा मृत्यू किंवा नंतर त्याच बाजूचा पक्षाघात झाला. ऑपरेशनच्या समांतर चाचणीत ५.३ विरुद्ध ३.७, हा फरक योगायोगापलीकडचा आहे असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. यातून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचं वाचतील. मला त्यात दिसतं ते असं: नीट औषधं घेणाऱ्या शंभरांपैकी ९४ जणांना चार वर्षांत यांतलं काहीही झालं नाही, आणि स्टेंटचा फायदा खरा असला तरी तो निवडक, सराईत हातांनी केलेल्या कामाचा आहे.

भावाची धमनी ६५ टक्के आहे, म्हणजे त्या चाचणीच्या उंबऱ्याच्याही खाली. आज स्टॅटिन पूर्ण मात्रेत, बीपी, साखर, सिगारेट असेल तर ती बंद, आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा डॉपलर. अरुंदपणा झपाट्याने वाढत असेल, मेंदूच्या स्कॅनमध्ये त्याच बाजूला लक्षण न देता पडलेले जुने मूक डाग असतील, किंवा एमआरआयमध्ये प्लाकच्या आत रक्तस्राव दिसला तर पारडं उपचाराकडे झुकतं. नाहीतर नाही.

आणि लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची सरसकट कॅरोटिड तपासणी करू नये, असा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाचा सल्ला आहे; २०२१ साली त्यांनी तो कायम ठेवला. कारण हेच, जे तुमच्या घरात चाललंय. अशा तपासणीतून टळणाऱ्या पक्षाघातांपेक्षा नको असलेले उपचार आणि त्यांतले धोके वाढतात.

---

पिंपळपान

चार दिवसांनी आज घरात सगळे नीट जेवले. आभार.

---

तिरीप

@केवडा, माझं स्वतःचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा मी ७१ चा होतो. आईंच्या मनात भीती असेल तर हे वाचून दाखवा.

माझं ऑपरेशन नुसती मान बधिर करून झालं. पूर्ण भूल द्यायची की मान बधिर करायची, यात पेशंटच्या दृष्टीने निकालात फरक पडत नाही असं मला भूलतज्ज्ञांनी सांगितलं, आणि त्यांच्या संघाला जागं ठेवून करायची सवय होती. उजव्या हातात त्यांनी पिळलं की चूं करणारं रबरी खेळणं दिलं होतं. चेहऱ्यावर कापड, त्याखालून भूलतज्ज्ञ बाई दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "काका, दाबा." मी दाबायचो, आवाज यायचा. मग "वीसपासून उलटे आकडे म्हणा." धमनीला चिमटा लावून रक्त थांबवलं, तेव्हा त्या मला सलग बोलतं ठेवत होत्या. हात ढिला पडला असता किंवा आकडे चुकले असते तर तात्पुरती नळी घालून मेंदूकडे रक्त वळवायचं ठरलेलं होतं. माझ्या बाबतीत लागली नाही. ओढल्याचं, दाबल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं. सर्जन धमनी उभी चिरून आतला थर सोलून काढतात आणि चीर बंद करताना वर ठिगळ लावतात, म्हणजे धमनी पुन्हा आकसत नाही.

नंतरचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून लिहितो. कानाची पाळी आणि जबड्याखालचा भाग कित्येक महिने बधिर होता. दाढी करताना कापलेलं कळायचं नाही, म्हणून आरशात बघून हळू करायचो. पहिले काही आठवडे आवाज बसलेला होता. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळायची, तीही हळूहळू सुधारत होती. मानेतल्या नसा धमनीला अगदी चिकटून जातात, त्यांना ताण बसतो. बहुतेकांचं आपोआप भरून येतं.

पहिल्या रात्री मान सुजतेय का आणि बीपी किती, यावर नर्सची करडी नजर होती. घरी जाताना एकच बजावलं: पुढच्या काही आठवड्यांत त्या बाजूचं डोकं असह्य दुखलं, फिट आली, दिसायला विचित्र वाटलं, तर तडक परत या. वर्षानुवर्षं कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूत एकदम पूर्ण दाबाने रक्त जातं, म्हणून. बीपीची गोळी एकही चुकवू दिली नाही त्यांनी.

---

सांजवेळ

माझ्या वडिलांना स्टेंट बसवला. त्यांच्या मानेला पूर्वी रेडिएशन दिलेलं होतं, म्हणून ऑपरेशन टाळलं. जांघेतून नळी, वर छत्रीसारखी जाळी उघडली म्हणजे सुटलेले कण तिच्यात अडकावेत, मग फुगा आणि स्टेंट. फुगा फुगवला तेव्हा त्यांची नाडी एकदम मंदावली, आधी तयार ठेवलेलं इंजेक्शन दिलं. कॅरोटिडच्या मुळाशीच बीपीची जाणीव ठेवणारी जागा असते, ती दाबली गेली की असं होतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी चालत घरी आले. मानेवर ओरखडाही नाही. त्यामुळे स्टेंट वाईट असं कुणी समजू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

---

मेंदूवैद्य

@सांजवेळ, बरोबर. रेडिएशन झालेली मान, आधीच एकदा ऑपरेशन झालेली बाजू, फार वर चढलेला अरुंद भाग, कमकुवत हृदय, विरुद्ध बाजूची स्वरयंत्राची नस आधीच गेलेली, अशा ठिकाणी स्टेंट हाच शहाणपणाचा मार्ग. आता मानेच्या खालच्या बाजूला छोटा छेद देऊन, प्रवाह उलटा वळवून स्टेंट बसवायची पद्धतही आहे. तिच्यात छातीतल्या महाधमनीतून नळी न्यावी लागत नाही.

तुलना म्हणाल तर २०१० च्या क्रेस्ट चाचणीत अडीच हजार रुग्ण होते. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू मिळून एकूण निकाल जवळपास सारखा: चार वर्षांत स्टेंटला ७.२ आणि ऑपरेशनला ६.८ टक्के. पण पहिल्या महिन्याभरात स्टेंटच्या गटात पक्षाघात जास्त, ४.१ विरुद्ध २.३, ऑपरेशनच्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त, २.३ विरुद्ध १.१. वय साधारण सत्तरीच्या पुढे गेलं की ऑपरेशन सरस ठरतं, कारण वयाबरोबर महाधमनी कडक आणि वाकडी होते आणि नळी नेतानाच कण सुटतात. ताजं लक्षण असलेल्यांत ऑपरेशनला प्राधान्य देतात तेही कण सुटण्याच्या भीतीनेच.

@केवडा, आई ६८ च्या, ताजं लक्षण, खडबडीत प्लाक. माझा कल ऑपरेशनकडे राहील. पण कोण करतंय, याला पद्धतीइतकंच महत्त्व आहे. सर्जनना सरळ विचारा: तुमच्या हाताखाली अशा रुग्णांत तीस दिवसांतला पक्षाघात आणि मृत्यू मिळून किती टक्के? लक्षणं असलेल्यांत तो सहाच्या आत हवा, नसलेल्यांत तीनच्या आत. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही, त्याच्याकडे आकडा तयार असतो.

---

रानवाट

ऑपरेशनची घाई करण्याआधी एक सुचवतो. शिरेतून दिलेल्या औषधाने धमन्या 'साफ' करणारे उपचार मिळतात, काही काढेही आहेत. ओळखीतल्यांना फरक पडलाय. निदान महिनाभर करून बघायला काय हरकत आहे?

---

ध्वनिलहर

@रानवाट, तुमचा हेतू मदतीचा आहे हे कळतं, पण हरकत आहे आणि ती त्या महिन्याचीच आहे. आईंच्या आजारात सर्वांत मौल्यवान काय असेल तर हे पहिले दोन आठवडे. कॅरोटिडचा थर अशा उपचारांनी धुऊन निघतो, असा पुरावा नाही. मी याच रुग्णांच्या धमन्या वर्षानुवर्षं बघते. स्टॅटिनने थर किंचित आक्रसतो, आणि मुख्य म्हणजे घट्ट होतो, सहजी फुटत नाही. हे काम मोठं आहे, पण सावकाश होतं. ज्यांना 'फरक पडला' त्यांचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट एकाच पद्धतीचे होते का, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. काढा घ्यायचाच असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगून. काही वनस्पतींनी रक्तस्राव वाढतो.

---

केवडा

सीटी अँजिओग्राफी झाली. डावीकडे ७५ टक्के, व्रण पडलेला थर, उंची सर्जनच्या आवाक्यातली. ईसीजी आणि चोवीस तासांचं हृदयाचं रेकॉर्डिंगही केलं, ठोक्यांत अनियमितता नाही. सर्जनना तो टक्क्यांचा प्रश्न विचारला, त्यांनी शांतपणे उत्तर दिलं आणि वहीही दाखवली. सोमवारी ऑपरेशन आहे, झटक्यापासून दुसऱ्या आठवड्यातच. वडीलधारेही आता सोबत आहेत.

दोन प्रश्न उरलेत. क्लोपिडोग्रेल ऑपरेशनआधी थांबवायची का? आणि उजवीकडच्या ४० टक्क्यांचं काय?

---

मेंदूवैद्य

क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवू नका. ठेवायची की नाही हे सर्जन ठरवतील; काही दोन्ही गोळ्यांवर ऑपरेशन करतात, काही फक्त अ‍ॅस्पिरिनवर. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन मात्र ऑपरेशनच्या सकाळपर्यंत चालूच असतात. दात काढायच्या आधी काही जण गोळ्या बंद करतात, तसं समजून घरी कुणी त्या बंद केल्याने वाट बघतानाच झटका आलेले रुग्ण मी पाहिलेत.

उजवीकडच्या ४० टक्क्यांना सुरी लावायची नाही, औषधं तिच्यासाठीही तीच.

सोमवारपर्यंत घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ असू द्या. चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यांतलं काहीही दिसलं की वेळ लिहून ठेवा आणि लगेच स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं, निवडक रुग्णांत नळीने गुठळी ओढून काढणं चोवीस तासांपर्यंत. लक्षण आपोआप ओसरलं तरीही न्यायचं.

---

मितभाषी

ऑपरेशन नीट झालं की गोळ्या सुटतात ना? काकूंच्या वेळी असं कुणीतरी म्हणालं होतं.

---

तिरीप

सुटत नाहीत. मी अजून रोज अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन घेतो. सर्जननी साफ केली ती मानेतली तीन-चार सेंटिमीटर धमनी. हृदयाच्या, पायांच्या, दुसऱ्या बाजूच्या धमन्यांत तोच आजार आहे. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली ठेवायचं ठरलंय, बीपी १३०-८० च्या आत. सिगारेट ऑपरेशनच्या आधी सुटली ती सुटलीच. डॉपलर महिन्याभराने, मग सहा महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. ठिगळाच्या जागी पुन्हा थोडं अरुंद होऊ शकतं, ते बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत दिसतं आणि गुळगुळीत असतं, म्हणून त्याला लगेच हात लावत नाहीत.

@केवडा, आईंना सांगा, गळ्याशी घट्ट न बसणारे, पुढून बटणं असलेले कपडे सोबत ठेवा. डोक्यावरून काढायचे कपडे पहिला आठवडा नकोसे होतात.